प्लग हातात असताना वाजलेला स्पीकर

आधीच सांगतो, असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नव्हता. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केलेला माणूस मी. कुणी भुताखेताचं काढलं की अर्ध्यातून उठून जाणारा. तरी लिहितोय, कारण हे डोक्यातून जात नाही.

२००१ सालची गोष्ट. आमचं घर दाभोळला, धक्क्याच्या जरा वर. मी स्वतः जोडलेला अ‍ॅम्प्लिफायर, टेप डेक, दोन मोठे स्पीकर... आणि गाणं लावलं की मधेच ट्रॉलरवाल्यांच्या वायरलेसवरची बडबड! "बर्फ उरलाय काय रे?" घरचे खो खो हसायचे, माझं डोकं फिरायचं. स्पीकरच्या लांबलचक वायरी एरियलचं काम करत होत्या, हे उघड होतं. वायरी आखूड केल्या, कपॅसिटर टाकले, अर्थिंग सुधारलं, तेव्हा कुठे ती बडबड थांबली.

दिवाळीनंतर एके दिवशी अचानक वारा सुटला. सगळ्या होड्या परतल्या, दादाची नाही. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. त्याची होडी छोटी, वायरलेस वगैरे काही नाही. दुपारी त्याची बायको, सुमनवहिनी आली. "भावोजी, तुमच्या त्या डब्यात बोटवाल्यांचं बोलणं यायचं ना? लावा ना परत. कोणी ह्यांना बघितलं असेल तर..."

ज्या बडबडीला शिव्या घातल्या, तीच आता हवी होती! कपॅसिटर उपटले, वायरी वाढवून पार अंगणात नेल्या. नुसती घरघर. शेवटी वैतागून प्लगच ओढून काढला.

आणि प्लग हातात असताना स्पीकरमधून स्वच्छ आलं — "सुमन, येतो गो."

दादाचाच आवाज! वहिनी स्पीकरवर झडपच घालून ओरडली, "या! या लवकर!" मग माझ्याकडे वळून रडत म्हणाली, "आयकलात? येतायत ते!" मी प्लग हातात धरून तसाच उभा.

दुसऱ्या दिवशी दादा खरंच आला. होडी बुडाली होती. वेळणेश्वरच्या लोकांनी त्याला किनाऱ्यावरून उचललं होतं. वहिनी म्हणाली, "तुम्ही येतो म्हणालात ना, तेव्हाच माझ्या जिवात जीव आला."

दादाने मान हलवली. "अगो, परत येतो असं नाही बोललो मी. होडी गेली, वाटलं संपलं सगळं. घरातून निघताना 'येतो' म्हणतो ना... तसं बोललो. शेवटचं."

आम्हाला वाटलं येतोय, आणि हा निरोप घेत होता!

तो हळूच पुढे म्हणाला, "होडीची एक फळी धरलेली, तीपण सुटतच होती हातातून. मग कोणीतरी 'या' म्हणालं."

स्पीकर उलटा माइकसारखा चालतो, हे मला ठाऊक आहे. आवाज आत घेतो. पण पुढे जायला काहीतरी लागतं की नाही? इथे प्लग माझ्या हातात, आणि तिथे त्याच्या हातात नुसती फळी. काय समजायचं, तुम्हीच सांगा... मला अजून कळलेलं नाही.