बांधावरची हाळी

आमच्या वाडीत लांबच्या माणसाला बोलवायचं तर बांधावर उभं राहून हाळी द्यायची. दोन्ही तळवे तोंडाशी धरायचे अन् नाव लांब ओढायचं. ज्याच्या कानावर पडेल त्यानं हातातलं काम थांबवून ओ द्यायची, असा रिवाज. बाबांची हाळी ओढा ओलांडून समोरच्या वाडीपर्यंत जायची.

मला तिची लाज वाटायची. घोडेगावच्या कॉलेजात जायला लागल्यापासून तर लईच. एकदा मी मैत्रिणीशी व्हिडिओ कॉलवर बोलत होते आणि मागून बाबांनी ओढ्यापलीकडच्या जीपवाल्या काकांना हाळी दिली. मैत्रीण हसून हसून बेजार. मी बाबांवर अशी तापले की काही विचारू नका. "गावंढळासारखं काय बोंबलता? फोन कशाला घेऊन दिलाय मग?" बाबा ओशाळले. "बरं बाय, न्हाई देत," एवढंच म्हणाले.

त्यांना वाचता येत नाही, म्हणून मीच त्यांच्या फोनमध्ये सगळ्यांचे फोटो लावून दिले. फोटोवर बोट ठेवलं की फोन लागायचा. बाकीच्या पोरापोरींनीही घरोघर तेच केलं. दोन वर्षांत वाडीतली हाळी बंद पडली आणि मी कॉलर ताठ करून फिरत होते.

मागच्या भातझोडणीला आई दाखला काढायला घोडेगावला गेली होती. खळ्यावर बाबा आणि मी, दोघंच. सकाळपासून लाइट नव्हती. लाइट गेली की आमचा टॉवरही जातो. पेंढी आपटता आपटता बाबा एकदम खाली बसले. तोंड वाकडं झालं, उजवा हात लुळा पडला. ते मला काहीतरी सांगत होते, पण शब्द फुटत नव्हता.

मी काय केलं? फोन काढला. तो वर धरून खळ्यावर गरगर फिरले. मग बाबांना पेंढ्यावर टेकवलं आणि वरच्या पठाराकडे पळत सुटले, कारण तिथं दुसऱ्या टॉवरची रेंज येते. वर पोचेस्तोवर छाती फुटायची वेळ आली. दोन काड्या दिसल्या. अँब्युलन्सला लावला, तर घाटातून यायला दीड तास म्हणाले. काकांना लावला, लागेना. लागणार कसा, त्यांची वाडीही आमच्याच टॉवरवर. एवढी शिकलेली मी, हे मला वर गेल्यावर कळलं. तशीच खाली धावले, ओढा ओलांडला.

काका अंगणात दोर वळत बसले होते. तिथून आमचं खळं समोर दिसत होतं. जीप काढता काढता ते म्हणाले, "सकाळधरनं हितंच हाये मी. एक हाळी द्यायची व्हती, बाय."

डॉक्टर म्हणाले, तासभर आधी आणायला हवं होतं. बाबा जगले. काठी टेकत चालतात. वाचा मात्र गेली ती गेलीच.

सगळे म्हणतात, तुझा काय दोष. कसा नाही? लाजेनं गप्प राहिले असते तरी एक वेळ चाललं असतं. मला हाळी सुचलीच नाही. गळा होता, बांध होता, समोर माणूस होता, आणि मी रेंज शोधत डोंगर चढले. स्वतःची शिसारी येते मला.

परवा दुपारी पुन्हा लाइट गेली. बाबा अंगणात खाटेवर पडले होते. मी बांधावर गेले, तळवे तोंडाशी धरले आणि जीव तोडून काकांना हाळी दिली. आवाज चिरका निघाला, अर्ध्यात फाटला. पलीकडून काही आलं नाही. काका गाडी घेऊन गेले असतील.

मागं वळले तर बाबा डाव्या हातानं खाटेची कड धरून उठू बघत होते. तोंड उघडलं होतं, मानेच्या शिरा ताणल्या होत्या. हाळी कानावर पडली की ओ द्यायची, एवढंच त्यांना ठाऊक. मी बांधावर उभी राहिले, ते तोंड मिटेपर्यंत. ओ काही आली नाही.