बाकुलीचे हात

बाकुलीला सरड्यांची किळस होती, आणि पोटासाठी ती सरडेच वाढवत होती. मुरामांगा गावाकडे जाणाऱ्या रस्त्यालगत सुलुफूचं आवार होतं. रंग बदलणारे सरडे तिथे जाळीच्या पिंजऱ्यांत जन्मत आणि पेट्यांत बसून परदेशी हौशी लोकांच्या घरी जात. दोन दिशांना गरागरा फिरणारे ते डोळे, ती चिकट लांबलचक जीभ, आणि त्यांच्या पोटात घालायला मुद्दाम पोसलेली झुरळं! दुपारचा भात तिच्या घशाखाली उतरत नसे.

त्यात तिच्या कुळाची फादी, पूर्वजांनी घालून दिलेली बंदी. सरड्याला हात लावायचा नाही, आणि लावलाच तर त्या हातांनी तान्ह्या मुलाला घ्यायचं नाही. म्हणून ती पेरूची काठी वापरी. काठी पुढे धरायची, जनावर आपणहून चढेपर्यंत थांबायचं, मग उचलायचं. कुणी चिवडत नसल्यामुळे तिच्याकडचे सरडे शांत राहत, जगत. सुलुफू याला तिचं कसब म्हणे. कसब कसलं, निव्वळ शिसारी होती ती.

तिची लेक हांता पहिलटकरीण होती. तिने आईला बजावून ठेवलं होतं, "नेनी, तुझं बोट जरी त्या घाणीला लागलं ना, तर माझं बाळ तुझ्या मांडीवर येणार नाही."

"बोट? अगं, मी त्यांच्याकडे धड दोन डोळ्यांनी बघतसुद्धा नाही."

"तेही तसंच बघतात, नेनी!" असं म्हणून हांता पोट धरून हसली होती.

एके दिवशी एक गिऱ्हाईक आलं. एक मादी अंड्यांवर आली होती, अंग काळंभोर आणि वर नारिंगी ठिपके. नराने फिरकू नये, असाच त्या रंगाचा अर्थ. बाकुलीने तिला वेगळं ठेवलं होतं, मध्ये कापड लावून, खाली उकरायला ओली वाळू घालून. गिऱ्हाइकाला रंग दाखवायला सुलुफूने कापड काढलं, दार उघडलं आणि नर आत सोडला.

"एकच फोटो, नेनी. बघ रंग कसे खुलतात!" सुलुफूही तिला नेनीच म्हणे.

"खुलतायत कसले, मेल्या! घाबरलीय ती. भरल्या पोटाची आहे. काढ त्याला बाहेर!"

सुलुफू फोन धरून खिदळत राहिला. नर अंगावर धावला, मादी मागे सरली, उघड्या दारातून घसरली ती थेट खालच्या पाण्याच्या पिंपात.

"काढ तिला!" बाकुली ओरडली.

"हातमोजे कुठायत माझे?" सुलुफू चार पावलं मागे सरकला. फादी त्यालाही होती.

बाकुलीने काठी घातली. जड पोटाने मादीला चढवेना. ती दोनदा निसटली, मग बुडू लागली. बाकुलीने काठी फेकली आणि हात घातला.

शी, शी, शी! थंडगार, खरखरीत अंग, अंड्यांनी गच्च भरलेलं पोट. आणि त्या मादीने तिचं बोट पंजात चिमट्यासारखं आवळून धरलं, काही केल्या सोडेना. तिला वाळूवर ठेवून बाकुली तिथेच भडाभडा ओकली.

"आजवर मला यांची किळस वाटायची," तोंड पुसत ती सुलुफूला म्हणाली. "आज तुझी वाटली."

मागे वळली तर फाटकात हांता. हातात जेवणाचं भांडं. भांडं तिथेच ठेवून ती निघून गेली.

मादी जगली, तिने वाळूत अंडी घातली. फादी मोडल्याचा दोष धुवायला गावच्या एका जाणत्या म्हाताऱ्याने चांदीचं नाणं घातलेलं पाणी बाकुलीच्या हातांवर ओतलं, वर शिव्याही दिल्या. हांता मात्र पुन्हा आवाराकडे फिरकली नाही.

बाळ झालं तेव्हा बाकुली दाराशीच बसली, हात शालीखाली लपवून. बाया बाळाला या मांडीवरून त्या मांडीवर देत होत्या आणि तिला वगळत होत्या. तिनेही मान वर केली नाही.

"नेनी, तिकडे काय बसलीस पाहुण्यासारखी? घे याला."

"अगं, माझे हात..."

"बघितलेत मी तुझे हात," हांता म्हणाली. "पोट तिचंही भरलेलं होतं, माझंही. घे."

बाकुलीने हात पुढे केले. बाळाने चाचपडत तिचं बोट धरलं आणि आवळलं. तीच पकड, हुबेहूब तीच. तिच्या अंगावर सर्रकन काटा आला.

"शी!" ती म्हणाली. बोट मात्र तिने सोडवून घेतलं नाही.