चाचांचा विमानाचा गेम

आम्ही जुने खेळाडू एकत्र बसलो की एकाचा किस्सा संपायच्या आत दुसऱ्याला दुसरा आठवतो आणि चहा तीनदा गरम करावा लागतो. खेळाडू म्हणजे क्रिकेट-कबड्डीतले नव्हेत हां! आम्ही विमानवाले. तीस-पस्तीस वर्षांपूर्वी तासगावच्या एसटी स्टँडजवळ गफूरचाचांचं व्हिडिओ गेमचं दुकान होतं. पत्र्याची एक खोली, दाराला काळा पडदा, आत तीन मशिनी. त्यातल्या दोन कायम बंद. तिसरीत खाली एक विमान, वरून रांगेनं उतरणारे रंगीबेरंगी शत्रू आणि मागं चांदण्या. डाव्या हातात दांडी, उजव्या हाताखाली गोळीचं बटन.

गेमचं खरं नाव काय होतं ते आम्हाला आजही ठाऊक नाही. आमच्यासाठी तो विमानाचा गेम आणि ते शत्रू म्हणजे पाखरं. ज्वारीच्या राखणीला बसणारी पोरं आम्ही, वरून झेप घेतं ते पाखरू, एवढंच आम्हाला कळत होतं.

आता पन्नाशीला टेकलोय. दत्ता फौजेतून रिटायर होऊन साताऱ्यात राहतो. बापू आटपाडीकडं मेंढरं आणि डाळिंबं सांभाळतो. मी, शोभा, सांगलीच्या एका शाळेत गणित शिकवते. चाचा अजून तासगावातच आहेत. हे सगळं लिहून ठेवायचं काम माझ्यावर आलं, कारण बाकीच्यांचं अक्षर वाचता येत नाही!

*

त्या दुकानात मुलगी म्हणून मी एकटीच. सातवीत होते. घरी सांगायचं, मैत्रिणीकडं अभ्यासाला चालले.

एके दिवशी कुणीतरी घरी चुगली केली. मी खेळात रंगलेली, आणि पडदा सारून आई आत! शेतातून थेट आलेली, हातात खुरपं तसंच. पोरं भिंतीला चिकटली. माझ्या हातातली दांडी काही सुटेना.

चाचा स्टुलावरून उठले आणि आईला म्हणाले, "आवं वैनी, जरा दम धरा. पोरीचं शेवटचं इमान हाय. तेवढं मरू द्या, मग न्या."

आणि आई थांबली! खुरपं घेऊन माझ्या मागं उभी राहिली. तसल्या पहाऱ्यात कोण टिकणार? अर्ध्या मिनिटात विमान फुटलं.

घरी जाताना आई खुरपं घेऊन माझ्या मागून चालत होती. मी पाठीवर कधी पडतंय याची वाट बघत चालले होते. ओढ्याच्या उतारावर ती एकदम थांबली.

"ते लाल पाखरू म्होरं हुतं, त्याला आदी का न्हाई हाणलंस? म्होरक्या पडला की बाकीची पांगत्यात. येवढं कळंना व्हय तुला?"

*

मशीनची एक मोठी खोड होती. लाईट गेली की ते सगळं विसरायचं. कुणाचा किती स्कोर, कोण एक नंबर, सगळं साफ! आणि तासगावात लाईट काय, आली तर आली. म्हणून चाचांनी भिंतीवर काळा रंग दिलेला पत्रा ठोकला होता. त्यावर खडूनं नाव आणि आकडा लिहायचे. तो आमचा अधिकृत रेकॉर्ड.

बापू तेव्हा होस्टेलवर राहायचा. आई-वडील मेंढरं घेऊन घाटापलीकडं, सहा-सहा महिने भेट नाही. पोरगा कुणाशी बोलायचा नाही, नुसता खेळायचा. एका दुपारी तो असा खेळला की पाखरांचे रंगच बदलले. तो टप्पा आमच्यातल्या कुणी पाहिलाच नव्हता. चाचासुद्धा स्टूल सोडून मागं येऊन उभे राहिले.

आणि लाईट गेली. पडद्याच्या मधोमध एक पांढरा ठिपका राहिला, तोही विझला.

पोरं हळहळत बाहेर पडली. बापू मात्र दांडी धरून उभाच. दत्ता म्हणाला, "चल की गड्या."

"कसा येऊ? लाईट आली की हितनंच सुरू हुईल. दांडी सोडली तर इमान मरंल."

त्याला समजावायचा धीर आमच्यातल्या कुणालाच झाला नाही. चाचांनी पडदा वर बांधला, जरा वारा यावा म्हणून, आणि स्टूल घेऊन त्याच्याशेजारी बसले. दोन तास! लाईट आली, मशीन पहिल्यापासून सुरू झालं. बापूनं दांडी सोडली.

चाचा उठले, खडू घेतला आणि पत्र्यावर सगळ्यात वर लिहिलं, बापू. पुढं आकडा नाही. पोरं भांडायला उठली, "आकड्याबिगर कसं काय एक नंबर?"

"लाईट गेली म्हंजी गडी हारला न्हाई," चाचा म्हणाले. "न हारलेल्याला आकडा नसतो."

झालं! दुसऱ्या दिवसापासून शेवटचं विमान उरलं की पोरं लाईट जायची वाट बघायला लागली. एकजण तर फ्यूजपाशी सापडला!

*

दत्ता फौजेत भरती झाला तोवर बिनआकड्याचा नियम बंद झाला होता आणि पत्र्यावर त्याचं नाव सगळ्यात वर होतं. नेमणूक लांब उत्तरेला, बर्फात. घरी महिन्याला एक पत्र यायचं. चाचांना पंधरा दिवसांनी! मजकूर ठरलेला, "मी खुशाल आहे. माझं नाव वर आहे का?"

चाचांचंही उत्तर ठरलेलं. "हाय. तब्येत संभाळ."

खरं म्हणजे बापूनं तो रेकॉर्ड एव्हाना तीनदा मोडला होता. पण चाचा लिहून द्यायला तयार नाहीत. बापू कुरकुरला तर म्हणाले, "त्यो तिकडं बर्फात हुबा हाय, हितं येऊन झुंजू शकत न्हाई. गैरहजर गड्याचं नाव पुसायचं न्हाई."

दीड वर्षानं दत्ता सुट्टीवर आला. एसटीतून उतरला तो ट्रंकेसकट थेट दुकानात, घर मागाहून. पत्र्यावर आपलं नाव पाहून त्याची छाती फुगली. चाचांनी ओलं फडकं घेतलं आणि त्याच्या डोळ्यांदेखत नाव पुसलं.

"आता हजर झालास. आता खेळ."

दत्ता त्या दुपारी बापूकडून सलग चार वेळा हरला आणि पडलेल्या चेहऱ्यानं घरी गेला. त्याच्या आईनं त्याला जवळ घेऊन रडून घेतलं. माउलीला वाटलं, लेकरानं सरहद्दीवर काय काय बघितलं असेल!

*

मोबाईल आले आणि चाचांचं दुकान बसलं. बंद पडलेल्या दोन मशिनी भंगारात गेल्या. तिसरी द्यायला चाचांचं मन धजेना. माझ्या भावाची तासगावबाहेर बेदाण्याची शेड आहे. "दोन दिवस ठिवून घे," म्हणून मशीन तिथं गेलं आणि क्रेटांच्या ढिगाखाली पंधरा-वीस वर्षं पडून राहिलं.

गेल्या वर्षी चाचांना अर्धांगाचा झटका आला. वाचले. बोलणं परत आलं, काठी धरून चालायलाही लागले. उजवा हात मात्र लोंबकळत राहिला.

मी भेटायला गेले तेव्हा जेवायची वेळ होती. चाचीनं मला वाढलं आणि चाचांना घेऊन आतल्या खोलीत गेली. दार लावलं. बऱ्याच वेळानं रिकामं ताट घेऊन बाहेर आली आणि स्वतःसाठी गार झालेलं कालवण वाढून घेतलं.

"डाव्या हातानं खाणार न्हाई म्हणत्यात," ती हळू आवाजात म्हणाली. "आन् माज्या हातनं चारचौघांत खायची लाज वाटती. लग्न न्हाई, दावत न्हाई, कुटंच जात न्हाईत. म्हणत्यात, उजव्या हातानं घास घेईन तवाच मानसांत बसंन."

डॉक्टरांनी हातात दाबायला पिवळा रबरी चेंडू दिला होता. तो पलंगाखाली धूळ खात पडलेला. मी म्हटलं, "चाचा, व्यायाम का करत नाही?"

"पोरी, चेंडू दाबून काय हुतंय? कायतरी फुटाय तर पायजे!"

मी एसटीत बसले आणि सांगली येईपर्यंत रडले. मग दत्ताला फोन लावला.

*

दत्ता फौजेत सिग्नलला होता, वायरींचं त्याला सगळं कळतं. पुढच्या रविवारी साताऱ्याहून हत्यारांची पेटी घेऊन आला, बापू आटपाडीहून मोटारसायकलवर. क्रेट हलवले, मशीनची मागची फळी उघडली, तर आत पसाभर बेदाणा! उंदरांनी साठवलेला.

मशीनचं काय सडलंय, काय कुरतडलंय, आम्ही तिघं काळजीत. भाऊ मात्र खाली बसला आणि तो बेदाणा हातात घेऊन निरखायला लागला.

"बगा, सगळा हिरवा माल हाय. एक काळा दाणा न्हाई! व्यापारीसुदिक येवढं निवडून घेत न्हाईत रं!"

सहा रविवार गेले. दत्तानं वायरी बदलल्या, कुठून कुठून पार्ट जमवले, पिक्चर ट्यूबसाठी मिरजेच्या एका म्हाताऱ्या टीव्ही मेकॅनिकच्या हातापाया पडला. सातव्या रविवारी चांदण्या दिसल्या. बापू तोंड फिरवून शेडच्या बाहेर गेला आणि बराच वेळ मोटारसायकल पुसत बसला.

*

चाचांच्या घरी पुढच्या सोप्यात मशीन ठेवलं, समोर खुर्ची मांडली. तेव्हा कुठं एक गोष्ट उघडकीला आली. इतकी वर्षं दुकान चालवलेल्या या माणसानं गेम कधी खेळलाच नव्हता!

"मालकानं खेळायचं नसतंय रं. मालक खेळला की गिऱ्हाईक उभं ऱ्हातंय."

पहिलं विमान आठ सेकंदांत गेलं. बोट बटनावर ठेवायचं म्हटलं तरी डाव्या हातानं उचलून ठेवावं लागत होतं. दत्ता म्हणाला, "चाचा, आमच्या टायमाला असलं खेळणाऱ्याला तुमी भायेर काढत हुता!"

चाचांना राग आला, आणि राग आला तेच बरं झालं. रोज सकाळी नाश्ता झाला की मशीनसमोर बसायला लागले. दांडी सोडून चोरून डाव्या हातानं बटन दाबायला जायचे, तर स्वयंपाकघरातून चाचीची आरोळी यायची, "फाऊल!" तिला आतून दिसायचं कसं, हे चाचांना कळलं नाही. गोळ्यांचा आवाज भराभर यायला लागला की चाची ओळखायची, हा उजवा हात नव्हे!

*

महिन्यातून एकदा फिजिओवाल्या डॉक्टर मॅडम यायच्या. तरुण मुलगी, कामाला कडक. मशीन बघून कपाळाला आठ्या घातल्या. "काका, हे काय? चेंडू कुठाय?"

चाचा म्हणाले, "बसा, दावतो." आणि उजव्या हाताच्या बोटानं सलग अकरा गोळ्या मारल्या. मॅडमनी त्यांचं मनगट धरून पाहिलं, बोटं वाकवून पाहिली, अंगठा दाबून पाहिला. वहीत काहीतरी लिहिलं. मग म्हणाल्या, "मी एकदा बघू का?"

मग दुसऱ्यांदा. मग तिसऱ्यांदा. पुढच्या पेशंटचा फोन येऊन गेला तरी मॅडम खुर्चीवरच! चाचा काठी टेकून मागं उभे, "त्यो लाल, आवं त्यो लाल!"

जाताना मॅडम गंभीर चेहरा करून म्हणाल्या, "काका, प्रगती चांगली आहे, पण लक्ष ठेवायला हवं. मी आता दर आठवड्याला येत जाईन."

*

आणि मग ईद आली. चाचांनी आम्हा तिघांना जेवायला बोलावलं. बसलो तर समोर चाचांचंही ताट! आतलं नव्हे, आमच्याच पंगतीला. आठ महिन्यांनी चाचा माणसांत बसले होते.

जेवणाचं दस्तरखान, म्हणजे चादर, अंथरलेलं, मटणाचा वास घरभर सुटलेला. चाची वाढून चाचांच्या डाव्या अंगाला बसली, सवयीनं, लागलंच तर हाताशी असावं म्हणून. तिचं स्वतःचं ताट अजून रिकामंच.

कुणी कुणाकडं बघेना. बापू आपल्या भाकरीकडं टक लावून बसला. दत्ता साताऱ्याच्या ट्रॅफिकबद्दल काहीतरी सांगत होता, त्याचं त्यालाही ऐकू जात नसावं.

चाचांनी भाकरीवर उजव्या हाताची दोन बोटं दाबली आणि अंगठ्यानं तुकडा मोडायला घेतला. निसटला. पुन्हा दाबलं. पुन्हा निसटला. तिसऱ्यांदा तुकडा सुटा झाला. रश्श्यात बुडवून वर उचलला, तर हात थरथरला आणि घास दस्तरखानावर पडला. चाची पुढं झुकली. चाचांनी मान हलवून तिला थांबवलं.

दुसरा तुकडा मोडला. बुडवला. उचलला. छातीपर्यंत आला, हनुवटीपर्यंत आला. दत्ताचं ट्रॅफिक थांबलं.

घास चाचांच्या तोंडाशी आला आणि तिथून हळूहळू डावीकडं वळला. चाचीच्या तोंडासमोर जाऊन थांबला.

"आवं, हे काय!" चाची दबल्या आवाजात म्हणाली. "मानसं बसल्यात."

चाचा थरथरता हात तसाच धरून राहिले. रस्सा मनगटावरून कोपरापर्यंत ओघळला.

चाचीनं घास घेतला. चावला. गिळला. आमच्या सगळ्यांकडं एकदा बघितलं.

"मीठ कमी पडलंय," म्हणाली, आणि मीठ आणायला घाईघाईनं आत गेली.

बराच वेळ झाला तरी ती बाहेर आली नाही. मिठाची वाटी चाचांच्या ताटाशेजारीच ठेवलेली होती.