प्रतापकाका आणि आजीची गायब पेन्शन

नेदरलँड्समधल्या आमच्या रायस्वाइक गावात निम्म्या मराठी घरांचं टॅक्स रिटर्न प्रतापकाका भरतात. कुणी सांगितलं म्हणून नाही, कुणी थांबवलं नाही म्हणून. "अरे, बाहेर कशाला पैसे घालवता? मी बसलोय ना!" यातल्या 'मी'वर ते एवढा जोर देतात की चष्मा नाकावर घसरतो. पगारावरची तीस टक्के करसूटही म्हणे त्यांनी स्वतः मिळवली. परदेशातून आणलेल्या इंजिनियरसाठी तो अर्ज कंपनीच करते, पण यांना सांगणार कोण?

मार्चमध्ये ते आजीचं रिटर्न भरायला आले. आजी म्हणजे आईची आई, जिल्हा परिषदेच्या शाळेतली निवृत्त शिक्षिका. आता आमच्याकडेच असते. तिच्या पेन्शनवर भारतात कर कापतात. इथेही कापला, तर तिचा बसचा पास, तिचं आवडतं चीज, माझ्या वाढदिवसाचा केक, सगळं बाबांच्या खिशातून. आणि "जावयापुढे हात पसरायला मला जमायचं नाही," हे तिचं ठरलेलं.

"सिंपल आहे, काकू. पेन्शन दाखवायचीच नाही. माझ्या पगारातले ते तीस टक्के कधी दिसले का रिटर्नमध्ये? सूट म्हणजे गायब!" काकांनी लॅपटॉपवरच्या रकान्यात शून्य टाकलं.

"शून्य? मग इतकी वर्षं मी काय गुरं राखली? पूस ते."

"टॅक्स लागेल हं मग!"

काकांनी पेन्शनचा आकडा भरला. कर टम्म फुगला. काकांनी सायकलच्या ट्यूबमधली हवा जावी तसा सुस्कारा सोडला. "बघा. म्हटलं होतं मी."

पुढच्या पानावर एक प्रश्न आला. काकांचं बोट थेट 'नाही'कडे.

"काय विचारलंय?"

"काही नाही हो, नेहमीचंच. दरवर्षी मी 'नाही'च दाबतो."

"नेहमीचं असलं तरी वाच. मोठ्यानं."

अकरा वर्षं इथे राहून काकांचं डच सुपरमार्केटात 'पिशवी नको' म्हणण्यापुरतंच. त्यांनी स्क्रीनवर फोनचा कॅमेरा धरला आणि भाषांतर वाचलं, "या उत्पन्नावर... कर घेण्याचा हक्क... दुसऱ्या देशाला आहे का?" शेवटाला आवाज अगदी मुंगीएवढा.

"आहे की," आजी म्हणाली. "सरकारी पेन्शन ती, तिच्यावरचा कर भारताचाच."

'हो' दाबलं. पेन्शनवरचा कर उतरला.

"हेच! हेच तर मी मघापासून सांगतोय!" आणि लगेच फोनवर कुणाला तरी, "पेन्शन ना? छे, लपवायची नसते! या माझ्याकडे, मी बसलोय ना!"

आजीनं त्यांच्यापुढे चहा ठेवला.

"शाब्बास, प्रताप," ती म्हणाली. काठावर पास झालेल्या पोराला म्हणतात, अगदी त्याच आवाजात.