विसार दिलेलं पिल्लू

म्हैस घ्यायची असली की कडावची माणसं आधी द्वारकाबाईला सोबत घेतात. ती गेल्या गेल्या जनावराकडे बघतच नाही, त्याची आई कुठे बांधलीय ते विचारते. मग दात, मग कास, आणि सकाळ-संध्याकाळ स्वतःच्या हाताने धार काढल्याशिवाय हो म्हणत नाही. तिने नको म्हटलेलं जनावर घेऊन पस्तावलेले दोघे-तिघे मला माहीत आहेत. वीस वर्षं ती भिसेगावात आमच्याकडे दूध घालते. मी शाळेतून निवृत्त झाले तरी तिच्या लेखी अजून ‘बाई’च आहे, आणि माझा स्वभाव ओरडण्याचा आहे हेही तिला पाठ आहे.

अशा बाईने फोनवरचा फोटो बघून कुत्र्याचं पिल्लू घ्यावं, याचा मला अजून राग येतो.

गोठ्यावरचा म्हातारा कुत्रा गेल्यापासून तिला चैन नव्हतं. तशात गेल्या आठवड्यात फोनवर जाहिरात दिसली. कुणी एक गृहस्थ म्हणे परदेशी चालले होते, लॅब्राडॉरचं दीड महिन्याचं पिल्लू चांगल्या घरी फुकट द्यायचं होतं, फक्त गाडीभाडं पाठवा. हिने कुणाला तरी सांगून पाठवलं. तिच्या मते तो विसार होता, सौद्याची आगाऊ रक्कम, आणि तिथेच ती फसली. जनावरांच्या व्यवहारात विसार हातावर पडला की जनावर दुसऱ्याच्या खुंट्याला असलं तरी आपलं झालं, मग मागे फिरायचं नाही. द्वारकाबाई तर त्याच्या पुढची. विसार दिल्या दिवसापासून ती विकणाऱ्याच्या घरी वैरणसुद्धा पोचवते. त्यामुळे त्या माणसाने आधी पिंजऱ्याचे, मग लसीच्या कागदांचे पैसे मागितले, तेव्हा तिला काही खटकलं नाही. आपल्या जनावराचा खर्च आपण नाही करायचा तर कुणी, असं तिचं म्हणणं.

परवा सकाळी ती आली ती किटली पायरीवर ठेवून तशीच उभी राहिली. माप काढलं नाही.

“बाई, येवढे पैसे पाठवून द्या. खात्यात हायेत माझ्या, पन मला जमत नाय.”

तिने फोन पुढे केला. मेसेज होता: पिल्लाची गाडी खोपोलीला अडवली आहे, विम्याचे कागद नाहीत, तासाभरात अठरा हजार भरा, पिल्लू हातात मिळताच पैसे परत मिळतील. पिल्लू कालपासून पिंजऱ्यात आहे.

“खुळ्या झालात का तुम्ही?” मी ओरडलेच. “अहो, पिल्लूबिल्लू काही नाही. चोर आहे तो!”

“वरडा मागाहून. कालधरनं पानी नाय त्याला.”

“त्याची आई बघितलीत?”

“विसार दिलाय मी. आता कसं सोडू?”

मी तिच्याच फोनवरून त्या माणसाला फोन लावला. म्हटलं, व्हिडिओवर पिल्लू दाखवा, नाहीतर खोपोलीत गाडी नेमकी कुठे आहे ते सांगा, आम्ही अर्ध्या तासात येतो आणि रोख हातात देतो. तो हिंदीत फार गोड बोलला, मॅडम, तशी परवानगी नाही म्हणाला, आणि फोन ठेवला. पुन्हा लावला तर उचलेना. लगेच मेसेज आला. पिल्लू मेलं तर प्राण्याला छळल्याची केस तुमच्यावर होईल, पोलीस घरी येतील. खाली फोटो होता. पिंजऱ्यात कुशीवर पडलेलं पिल्लू, तोंड उघडं, जीभ बाहेर.

द्वारकाबाई पायरीवर बसली. “पाठवा, बाई. पाया पडते तुमच्या, पाठवा.”

खरं सांगते, मीही घाबरले. पोलिसांना नाही, त्या जिभेला. सगळं कळत असूनही वाटलं, आणि समजा खरंच असलं तर? एरवी दुसऱ्यांना शहाणपण शिकवणारी मी, निमूट अठरा हजारांचा आकडा टाकला. आता फक्त तिचा पिन राहिला होता. फोन तिच्यापुढे धरला.

तिने बोट उचललं आणि थांबली.

“तो फोटू परत दावा.”

दाखवला.

“मोठा करा. तोंड दावा त्याचं.”

मी मोठा केला. ती बाजारात बघते तसं बघत राहिली. तासातली दहा-बारा मिनिटंच उरली होती.

“ह्ये पाच-सा महिन्यांचं हाय,” ती म्हणाली. “दुधाचे दात पडून नवे आलेत. दीड महिन्याचं म्हनला व्हता.” मग तिचा आवाज चढला. “ह्ये माझं नाय! खोटं बोलतोय मेला.”

मी घाईघाईने तो आकडा पुसला. सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या नंबरला फोन लावून तक्रार नोंदवली. आधी गेलेले पैसे मिळतील की नाही ते काही त्यांनी सांगितलं नाही. त्या माणसाचा नंबर ब्लॉक करून टाकला. एवढं झाल्यावर माझ्या जिवात जीव आला आणि मी पुन्हा शिकवायला लागले. आई न दाखवणारा, व्हिडिओवर न येणारा, घाई करणारा, पैशामागून पैसे मागणारा माणूस दारातसुद्धा उभा करायचा नाही.

ती ऐकत होती की नाही कोण जाणे. तिने दूध मापून दिलं, किटलीचं झाकण लावलं, पण उठेना.

“सुटलात की हो,” मी म्हटलं. “तुमचं पिल्लू नव्हतंच मुळी. कुणी उपाशी नाही, तहानलेलं नाही.”

“माझं नव्हतं. पन ह्ये तर कोनाचं तरी हाय ना?”

“नुसता फोटो आहे तो. झोपलं असेल.”

“झोपलेल्या कुत्र्याची जीभ अशी पडत नाय, बाई.”