खोक्यावरची बाई

आमच्या शेजारच्या मुक्ताबाईची अमृता हुशार, यात वाद नाही. पण त्या दिवशी तिच्या कानाखाली आवाज काढावा असं मला वाटलं होतं, आणि तो राग अजून पुरता गेलेला नाही.

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला ती शेंद्र्याच्या एका छोट्या कंपनीत इंटर्नशिपला लागली. काम होतं गरीब घरांना परवडेल असा सोलर दिवा तयार करायचं. पोरगी त्यात बुडूनच गेली. आमच्या पडेगावात लाइट गेली की ती आईला पीठ मळायला बसवायची आणि स्वतः दिवा धरून उभी राहायची. हातांची सावली परातीत पडते हे बघून तिनं दिव्याची मान वळणारी केली. मुक्ताबाई सगळ्या गल्लीला सांगायची, "माझी लेक लाइट बनवती." ऐकून ऐकून आमचे कान किटले होते.

कंपनीत मात्र अमृतानं घराबद्दल चकार शब्द काढला नव्हता. वडील नाहीत, आई लोकांची धुणीभांडी करते, हे तिथं कुणालाच ठाऊक नव्हतं.

दिव्याच्या खोक्यावर छापायला फोटो हवा, म्हणून एकदा साहेब, फोटोग्राफर आणि अमृता वैजापूरकडं गेले. तिकडं कांदा काढणी चालू होती, ठरवलेल्या वस्तीत सगळ्या घरांना कुलपं. साहेब वैतागले. हिला कंपनीतच कायम व्हायचं होतं, ही पटकन बोलून गेली, "सर, परतीच्या वाटेवर पडेगावला माझ्या ओळखीचं एक घर आहे." आणि आईला फोन केला की साहेब येताहेत.

लेकीचे साहेब घरी येणार! मुक्ताबाई बुद्धपौर्णिमेला विहारात नेसायची पांढरी साडी नेसली. माझ्याकडच्या चांगल्या कपबशा नेल्या आणि मलाच चहा करायला बसवलं. म्हणून सगळं माझ्या डोळ्यांसमोर घडलं.

साहेब दारातच हसले. "अहो, या तर कार्यक्रमाला निघाल्यासारख्या दिसतात. गरिबी दिसायला हवी ना."

अमृता आत आली आणि आईच्या कानाशी लागली. "आई, ती कामावर जायची साडी नेस ना. आणि... मी तुझी मुलगी आहे हे त्यांना माहीत नाही."

मुक्ताबाईनं तिच्याकडं एकदा पाहिलं. मग मोरीत जाऊन विटकी साडी नेसून आली. तोवर फोटोग्राफरनं बल्ब काढला होता, दार लोटून अंधार केला होता. भिंतीवर अमृताचा बक्षीस घेतानाचा फोटो होता, तो मुक्ताबाईनं स्वतःच उतरवून पिठाच्या डब्यामागं सरकवला.

"मावशी, दिवा वर धरा, थोडं हसा," फोटोग्राफर म्हणाला. मुक्ताबाई हसली. फोटो झाल्यावर अमृताकडं वळून म्हणाली, "मॅडम, च्या घेता का?"

अमृताचा चेहरा लाजेनं काळाठिक्कर पडला. तरी तिच्या तोंडून 'आई' निघालं नाही. उशीर होतोय म्हणत साहेब उठले, तशी तीही गाडीत जाऊन बसली. चहा गाळलेला तसाच राहिला.

तिला नोकरी लागली. पेढे वाटले तेसुद्धा मान खाली घालून. मुक्ताबाईनं त्या दिवसाचा विषय कधीच काढला नाही. "ओरडली असती तर बरं झालं असतं, काकू," म्हणत अमृता माझ्याकडं येऊन रडली. मी म्हटलं, "मला काय सांगतेस? तिला सांग." तर म्हणे, "तोंडच होत नाही."

परवा मागच्या गल्लीतली सरूबाई तो दिवा विकत घेऊन आली. मी मुक्ताबाईकडंच बसले होते, मायलेकी जेवत होत्या. सरूबाईनं खोकं पुढं केलं. "मुक्ताबाई, ह्या तुमीच ना? लई हाल दिसत्यात वो."

अमृताचा घास हातातच राहिला. मुक्ताबाईनं खोकं नीट न्याहाळलं आणि परत दिलं. "नाय बाई, ही दुसरी कुनीतरी हाय. माझी लेक लाइट बनवती, माझ्या घरात अंधार कशाला आसंल?"

सरूबाईला काही ते पटलं नाही, पण ती निघून गेली. अमृता ताटावर बसल्या बसल्या रडायला लागली. "आई, ती तूच आहेस गं."

"मला ठावं हाय की," मुक्ताबाई तिच्या ताटात भाकरी वाढत म्हणाली. "पन मी व्हय म्हनले आसते, तर लोकांनी तुला काय म्हनलं आसतं?"