एका डब्यावर तीन टीव्ही

जॉइंटकाकांना हे नाव कोणी पाडलं ते आठवत नाही, पण नाव आवडतं मात्र फार. टेलिफोन खात्यात एकतीस वर्षं त्यांनी रस्त्याकडेच्या खड्ड्यात उकिडवं बसून केबल सांधल्या. एकेका केबलमध्ये बारीक तारांच्या चारचारशे जोड्या, आणि आपली एकही चुकली नाही, हे ते ओळख झाल्यावर पाचव्या मिनिटाला सांगतात. घरातली कामगिरी जरा वेगळी आहे. त्यांनी बसवलेली दारावरची बेल न्हाणीघराचा दिवा लावला की वाजते. तेही ते स्वतःच सांगतात, पण सहाव्या मिनिटाला.

गेल्या वर्षी त्यांची आई पडली. चौऱ्याऐंशीव्या वर्षी खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं आणि आई मागच्या खोलीतल्या पलंगाला खिळली. टीव्ही पुढच्या खोलीत. तिथवर यायचं म्हणजे वॉकर, दोन माणसं आणि अर्धा तास. आईने एकदाच विचारलं, "मी इथे दिवसभर काय करू रे?"

 कोणाचं दुःख बघवलं नाही की काका पकड हातात घेतात, ही त्यांची जुनी खोड.

"तुला इथे टीव्ही लावून देतो," ते म्हणाले.

"केबलवाल्याला सांगा, तो दुसरा डबा देईल, सेट-टॉप बॉक्स," काकू म्हणाल्या.

"मी असताना या घरात केबलवाला येणार?" काकांनी विचारलं. काकू भाजी चिरायला निघून गेल्या. लग्नाला पस्तीस वर्षं झाली होती.

काकांनी आधी भिंतीतून आलेली वायर डब्यात शिरायच्या अगोदरच फोडली आणि एक फाटा आईच्या खोलीत आणून ठेवलेल्या जुन्या टीव्हीपर्यंत नेला. टीव्हीवर नुसत्या मुंग्या. दोन दिवस त्यांनी टीव्हीला शिव्या घातल्या, तिसऱ्या दिवशी त्यांच्या डोक्यात उजेड पडला, की चित्र तयार होतं ते डब्याच्या आत. मग त्यांनी डब्याच्या मागून जोड काढला. छताच्या कडेने चाळीस फूट वायर, दर वीतभर अंतरावर क्लिप, कुठे झोळ नाही. जाता जाता स्वयंपाकघरातल्या छोट्या टीव्हीलाही फाटा दिला, जो कोणीही मागितला नव्हता.

तिन्ही टीव्ही लागले. तिन्हींवर एकच चित्र. डबा एक, तेव्हा चॅनेलही एकच, आणि डब्याचा रिमोट पुढच्या खोलीत काकांच्या मांडीवर; आईच्या उशाशी होता तो नुसता टीव्हीच्या आवाजाचा.

"आईंना गाणी बघायची असली तर?" काकूंनी विचारलं.

"हाक मारेल की."

आईने हाक मारली नाही. काकांना बातम्यांतल्या भांडणांचं व्यसन. संध्याकाळी चारपासून पडद्यावर पाच माणसं एकदम ओरडायची आणि त्यांच्या जोडीला सहावे काका. स्वयंपाकघरातला टीव्ही काकूंनी दुसऱ्याच दिवशी फडकं टाकून झाकला. आईचा चालू राहिला. मग काका येईल त्या पाहुण्याला कौतुकाने सांगू लागले, "आईला या वयात राजकारणाची गोडी लागलीय." आता ते वाक्य आठवलं की स्वतःच्याच कानाखाली वाजवावीशी वाटते, असं ते म्हणतात.

साडेतीन महिन्यांनी आईच्या टीव्हीची पिन सैल झाली आहे का ते बघायला काका मागच्या खोलीत गेले. पडद्यावर पाच तोंडं हलत होती आणि आवाज अजिबात नव्हता.

"आवाज गेला वाटतं?"

"मीच बंद केलाय. कान किटतात."

"मग सांगायचं ना, चॅनेल बदललं असतं."

"तू एवढ्या हौसेने वायर ओढलीस," आई म्हणाली.

काकांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी स्वतः केबलवाल्याला फोन केला. तो आला, मान वर करून त्याने ती वायर या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिली आणि म्हणाला, "काका, काम सुरेख झालंय. पण काढावं लागेल." आईच्या टीव्हीला तिचा वेगळा डबा लागला, तिच्या हातात त्या डब्याचा रिमोट आला. काकांनी गाण्यांच्या चॅनेलचा नंबर मोठ्या अक्षरात लिहून उशाशी चिकटवला आणि हलक्या मनाने पुढच्या खोलीत जाऊन बसले.

आठ दिवसांनी संध्याकाळी आईचं औषध द्यायला ते आत गेले. पडद्यावर तीच पाच माणसं, आवाज बंद.

"आई, गाणी सोडून हे काय लावलंस?"

"शोधून काढलं. फार वेळ लागला."

"कशासाठी?"

आईने रिमोट पांघरुणावर ठेवला. "आधी कसं, जाहिरात लागली की चॅनेल बदलायचं, म्हणजे तू जागा आहेस. बराच वेळ जाहिरातीच चालू राहिल्या की समजायचं, तुझा डोळा लागलाय. मॅच लागली की तू खुशीत. सगळं बंद झालं की तू बाहेर गेलास. मला इथे पडल्या पडल्या कळायचं. आता तू बघतोस तेच लावून बघते, पण लावते मीच, त्यात तुझं काय कळणार?"

अशा वेळी काका स्वतःवरच एखादा विनोद करून सुटका करून घेतात. या वेळी त्यांनी मागे वळून दाराकडे पाहिलं. पुढच्या खोलीतून या पलंगापर्यंत बारा पावलं. चाळीस फूट वायर ओढली, पण साडेतीन महिन्यांत ती बारा पावलं ते औषधापुरतीच, तीही घाईघाईने, चालले होते. त्यांना रडू आलं, आणि ते लपवायला त्यांनी कोपऱ्यातली खुर्ची पलंगाशी ओढली. बसले, रिमोट उचलला.

"बोल, काय लावू?"

"तू बसणार आहेस का?" आईने विचारलं.

"हो."

"मग ते बंद कर."